एक खनिज, एक रोग? एका तक्त्याची तपासणी

शालेय विज्ञान प्रदर्शनात पशुपालनाचा एक तक्ता हमखास दिसतो. डावीकडे खनिज, उजवीकडे त्याच्या अभावाने होणारा रोग. लोह : पंडुरोग. आयोडीन : गलगंड. जस्त : कातडीचे विकार. तांबे : केसांचा रंग उडणे. धाराशिव जिल्ह्यात अनेक मुलांच्या दारात म्हैस किंवा उस्मानाबादी शेळी बांधलेली असते. शाळेत पाठ केलेला तक्ता तिथे थेट गोठ्यात पोचतो. म्हणून तो तपासून पाहिला पाहिजे.

तक्त्यातले एकेक विधान खोटे नाही. फसवी आहे ती दोन रकान्यांना जोडणारी सरळ रेघ. तांबे कमी पडले की केस फिके होतात, हे खरे. पण जंतांनी आणि उपासमारीनेही ते निस्तेज होतात. शिवाय चाऱ्यात तांबे पुरेसे असूनही जनावराला ते मिळेलच असे नाही. मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असले, तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ती दोन्ही मिळून तांब्याला बांधून टाकतात.

सरळ रेघ कशी चकवते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. तिथल्या काही कुरणांवर भरपूर गवत खाऊनही जनावरे खंगत, त्यांना पंडुरोग होई. लिमोनाइट हे लोहखनिज चारल्यावर ती सुधारली. म्हणजे लोहाचीच उणीव, असे वाटणे साहजिक होते. पण १९३५ मध्ये अंडरवुड आणि फिल्मर यांनी दाखवून दिले, की गुण लोहाचा नव्हता. त्यात किंचित मिसळलेल्या कोबाल्टचा होता. पुढे १९४८ मध्ये ब-१२ जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले आणि त्यात कोबाल्ट सापडले. जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव कोबाल्टपासूनच हे जीवनसत्त्व बनवतात. विज्ञानाची खरी गंमत इथे आहे, आणि तक्त्यात नेमकी तीच नाही.

तक्त्यात जमीन नाही, चाराही नाही. आपल्याकडची मुख्य कोरडी वैरण म्हणजे ज्वारीचा कडबा. चुनखडीच्या काळ्या रानात जस्त असले तरी पिकाला ते सहज घेता येत नाही. दुष्काळात तर चाराच बदलतो. २०१३ आणि २०१९ च्या चारा छावण्यांत उसावर बरीच भिस्त होती. चारा किलोत मोजला गेला, पोट भरले. पण उसाच्या वाढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरते. कॅल्शियम हे सूक्ष्म खनिज नव्हे, परंतु धडा तोच : चाऱ्यात काय आहे एवढे पुरत नाही, अंगी किती लागते तेही पाहावे लागते.

तक्त्याची शेवटची ओळ असते, 'खनिज मिश्रण द्यावे'. कोणाला, किती? गाईला एक किलो कोरड्या खाद्यामागे सुमारे १० मिलिग्रॅम तांबे पुरते. मेंढीला मात्र जास्तीचे तांबे सोसत नाही. ते यकृतात साठत जाते आणि एक दिवस जिवावर बेतते. गाईचे मिश्रण मेंढीला चारणारा मुलगा तक्त्याबरहुकूमच वागलेला असेल.

तक्ता फाडून टाकायची गरज नाही. त्यात तीन रकाने वाढवावेत : रान कोणते, वैरण कोणती, जनावर कोणते. माहिती मुलांनी घरून आणावी. चौथ्या रकान्याचा मथळा असावा, 'आणखी कोणते कारण असू शकेल?' तो शिक्षकांनी भरू नये. निदान पशुवैद्य करतील. शंका घ्यायला मात्र शाळेनेच शिकवायचे आहे.