मेंढीचा खुराक : धान्याचे प्रमाण आणि धान्याचे रूप

प्रस्तुत लेखात मेंढीच्या आहारविषयक मराठी लेखनातील एका गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. खुराकात धान्य किती असावे, या प्रश्नास या लेखनात जेवढे स्थान मिळते, तेवढे ते कोणत्या रूपात द्यावे यास मिळत नाही. ‘धान्य भरडून द्यावे’ ही शिफारस गाईम्हशींच्या आहारशास्त्रातून जशीच्या तशी उचललेली दिसते.

गाय अखंड दाणा पुरता चावत नाही. बराचसा शेणावाटे निघून जातो. मेंढी तो चावते आणि रवंथ करताना पुन्हा बारीक करते. स्कॉटलंडमधील रोवेट संस्थेत ऑर्स्कोव्ह व सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दळून गोळी केलेल्या धान्यापेक्षा अखंड धान्यावर कोकरांचा रवंथाचा काळ वाढलेला आढळला आणि कोटीपोटाचा सामू वर राहिला. रवंथासोबत लाळ येते व लाळेतील बायकार्बोनेट आम्ल शमविते. पिठूळ खुराकातील स्टार्च मात्र झपाट्याने आंबतो. सामू ६ च्या खाली गेला की तंतू पचविणारे जिवाणू मंदावतात आणि ५.५ च्या खाली आम्लतेचा विकार संभवतो. चाराही दळून गोळी केल्यास जनावर अधिक खाते, परंतु तो पोटात कमी वेळ थांबल्याने तंतूंचे पचन घटते. केवळ वजनवाढीवरून गोळी पेंडेची थोरवी गाणे म्हणूनच अपुरे आहे.

पाली-उत्तनच्या मासळीच्या किनाऱ्यावर हा विषय दूरचा वाटेल. परंतु पावसाळ्यानंतर देशावरील धनगरांचे काही वाडे कोकणातील भातखाचरांत उतरतातच. या कळपांचा आहार टक्केवारीत मोजता येत नाही. आज निकृष्ट पेंढा, तर उद्या काढणी झालेल्या रानातील सांडलेली कणसे. धोका या आकस्मिक बदलात अधिक आहे, कारण जिवाणूंना जुळवून घेण्यास अवधी मिळत नाही. गव्हाणीत बांधलेल्या मेंढीवरील निष्कर्ष येथे सरळ लागू करणे धाडसाचे ठरते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना १९६८) बंगालच्या गारोल मेंढीतील बहुप्रसवतेचे जनुक दख्खनी मेंढीत आणले, तेव्हापासून या प्रश्नाला आर्थिक धारही आली आहे. जुळी पोटात असलेल्या मेंढीची गरज अखेरच्या आठवड्यांत वाढते, पण वाढत्या गर्भाशयामुळे कोटीपोटास जागा उरत नाही. तेव्हा धान्य देणे भागच पडते. ते भरडण्याची मजुरी मेंढपाळाने कशासाठी सोसावी?

अर्थात रोवेटचा निष्कर्ष ज्वारी-बाजरीस डोळे मिटून लावणेही तितकेच चूक. हे दाणे लहान व टणक असल्याने काही न चावताच निसटू शकतात. किती निसटतात, हे लेंड्या धुऊन त्यांतील अखंड दाणे मोजले तरी कळेल. त्यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही.