अतिव्यायाम आणि रोगप्रतिकारशक्ती : एका अनुमानाची परीक्षा

वाग्भटाने बलवानांसही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला असून अतिव्यायामाच्या परिणामांत कास व ज्वर गणले आहेत. नीमन यांच्या 1990 च्या निबंधाने या मतास आधुनिक पुष्टी मिळाली, असे मानले जाते. 1987 च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी 12.9 टक्के, तर न धावलेल्या तुल्य धावपटूंपैकी 2.2 टक्के आजारी पडले. तथापि हे आजार धावपटूंनी स्वतः कळविलेले होत. त्यांतून गर्दी, प्रवास व जागरण यांचा वाटा वेगळा निघत नाही. श्रमानंतर रक्तातील लिंफपेशी घटतात, हा पुरावाही लंगडाच. त्या नष्ट न होता बहुतांशी फुप्फुसादी ऊतकांकडे जातात, असे कॅम्पबेल व टर्नर यांनी 2018 मध्ये प्रतिपादिले. ठाण्यात शिपाई दिसत नाहीत, म्हणून नगर अरक्षित ठरत नाही. ते गस्तीवर असतात!

अमरावतीस 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ नांदत असलेल्या विदर्भात हा वाद केवळ तात्त्विक नव्हे. तालमीतील मल्लास ताप आला, तर जोर-बैठकांना दोष देण्यापूर्वी त्याची झोप, आहार व तालमीतील कोंदट हवा तपासावी. धावपटूंवरून काढलेले भय बैठे काम करणारांस लावणे तर अधिकच गैर; त्यांना नियमित, माफक व्यायाम हितकरच आहे. वाग्भटाची अर्धी शक्तीही शीतकाल व वसंत यांपुरतीच आहे. एरव्ही तो त्याहून मंद व्यायाम सांगतो. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तो सल्ला पाळावा, पण उष्म्यासाठी.