कोरियन ग्रंथांचा शोध आणि ग्रंथालय तालिकेची भाषा : एक समीक्षा

ग्रंथालय तालिका हे वाचकाला ग्रंथापर्यंत नेणारे तटस्थ साधन मानले जाते. अमेरिकन ग्रंथालयांतील कोरियन ग्रंथांच्या नोंदी पाहता हे गृहीतक टिकत नाही. ग्रंथाचे शीर्षक ठाऊक असणे तेथे पुरेसे ठरत नाही. ते रोमन लिपीत कोणत्या नियमाने उतरविले गेले, हेही शोधकर्त्याला ठाऊक असावे लागते.

हा नियम मुख्यतः मॅक्यून-रायशॉअर पद्धतीवर आधारलेला आहे. जॉर्ज मॅक्यून व एडविन रायशॉअर यांनी 1937 मध्ये ती सिद्ध केली आणि 1939 मध्ये ती प्रकाशित झाली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या रोमनीकरणासाठी तिचाच आधार घेतला. ही पद्धती हांगुल लिपीतील अक्षरांपेक्षा उच्चाराला प्रमाण मानते. त्यातच तिचा गुण आहे आणि दोषही. 'देश' या अर्थाचे अक्षर हांगुलमध्ये सर्वत्र एकाच रूपात लिहिले जाते. परंतु रोमन नोंदीत ते 'हांगुक'मध्ये 'गुक', 'कुगॉ'मध्ये 'कुग', तर 'कुंगमिन'मध्ये 'कुंग' होते. कानाला जे योग्य वाटते, ते यंत्राला तीन वेगळे शब्द वाटतात. महाप्राणाचे तर चिन्हही एका लोपचिन्हापुरतेच उरते. चंद्रवाचक 'ताल' आणि मुखवटावाचक 'थाल' यांत रोमन नोंदीत तेवढाच भेद असतो, आणि शोधप्रणालीने ते चिन्ह दुर्लक्षिले की चंद्र व मुखवटा एकच होतात. 'त' आणि 'थ' यांना स्वतंत्र वर्ण देणाऱ्या लिपीत वाढलेल्या मराठी वाचकाला ही हानी सहज उमगेल.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. याच तालिकेत मराठी ग्रंथांचे रोमनीकरण नेमक्या उलट तत्त्वाने होते. तेथे लिपी प्रमाण असते. त्यामुळे 'नाटक' या शब्दाच्या शेवटी उच्चारात नसलेला 'अ'ही लिहिला जातो. कोरियनसाठी कान आणि मराठीसाठी डोळा, असे हे धोरण आहे. दोन्ही नियम आपापल्या जागी समर्थनीय असतील. परंतु ते ठाऊक नसल्याचा भुर्दंड दोन्हीकडे वाचकालाच पडतो.

जुलै 2000 मध्ये दक्षिण कोरियाच्या शासनाने नवी रोमन पद्धती स्वीकारली. 'पी'ने आरंभ होणारे बंदराचे नाव 'बी'ने लिहिले जाऊ लागले आणि बुसान हे रूप रूढ झाले. 'चोसॉन'च्या आरंभीच्या 'सीएच'ची जागा 'जे'ने घेतली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने मात्र जुनी पद्धती कायम ठेवली. साठलेल्या नोंदींचा विचार करता हा निर्णय अविवेकी म्हणता येत नाही. त्याचा परिणाम मात्र विचारात घ्यावा लागतो. 2024 च्या नोबेल पुरस्काराच्या मानकरी हान कांग यांच्या 2007 मधील 'शाकाहारी' या अर्थाच्या कादंबरीचे मूळ शीर्षक नव्या पद्धतीने टंकित केल्यास शब्दाच्या मध्यावरच 'जे' आणि 'सीएच' यांची गाठ पडते व शोध फसतो. लेखकनामांसाठी प्रमाणनामांच्या सूचीत पर्यायी रूपांचे संदर्भ नोंदविण्याची सोय असते. शीर्षकातील शब्दांना असे संरक्षण सहसा नसते. तालिकेची खरी उणीव रोमन पद्धतीच्या निवडीत नसून या असमान व्यवस्थेत आहे.

मूळ लिपीतून शोध घेणे हा त्यावरील उपाय म्हणून सांगितला जातो. मार्क नोंदीतील 880 क्रमांकाच्या क्षेत्रात मूळ लिपीतील शीर्षक देता येते, ही सोय मोलाची आहे. परंतु अनेक जुन्या ग्रंथांची शीर्षके हांजा, म्हणजे चिनी अक्षरांत आहेत. हांगुलमध्ये टंकित केलेला शब्द त्यांच्याशी आपोआप जुळेलच असे नाही. शिवाय हांगुल स्वतःही दुभंगलेली आहे. 'इतिहास' या अर्थाचा शब्द दक्षिणेत 'यॉक्सा' आणि उत्तरेत 'र्यॉक्सा' असा लिहिला जातो. देशालाच दक्षिणेत 'हांगुक' व उत्तरेत 'चोसॉन' म्हटले जाते. त्यामुळे दक्षिणेच्या वर्णलेखनाने घेतलेल्या शीर्षकशोधात प्याँगयांगमध्ये छापलेले इतिहासग्रंथ नजरेआड राहण्याचा संभव मोठा असतो. आणि समोर आलेली लांबलचक यादी पाहून अभ्यासकाला त्या अभावाची शंकाही येत नाही.

याहून सूक्ष्म अडचण 'कुगॉ' या शब्दाची आहे. आज दक्षिण कोरियात 'राष्ट्रभाषा' या अर्थाचा हा शब्द कोरियन भाषेचा निर्देश करतो. 1910 ते 1945 या जपानी राजवटीत त्याच दोन चिनी अक्षरांनी जपानी भाषा निर्दिष्ट होत असे आणि कोरियनला 'चोसॉनॉ' म्हटले जाई. म्हणजे या काळातील कोरियन व्याकरणे शोधणाऱ्याने 'कुगॉ' टंकित केल्यास त्याच्या हाती कोरियन विद्यार्थ्यांना जपानी शिकविणारी पाठ्यपुस्तके येऊ शकतात. येथे नोंद अचूक असते, लिप्यंतरही निर्दोष असते. इंग्रजीतील विषयशीर्षके या दोन भाषांना वेगळे करतात आणि उत्तर-दक्षिणेच्या भाषाविषयक ग्रंथांना एकत्र आणतात. परंतु त्यासाठी कोरियन ग्रंथाच्या शोधाचा आरंभ इंग्रजी शब्दाने करावा लागतो.