बनू हिलाल आणि इब्न खलदूनची कसोटी

इब्न खलदूनचं नाव निघालं की 'असबिय्या' ही कल्पना येतेच. असबिय्या म्हणजे एका कुळातल्या माणसांना बांधून ठेवणारी ताकद. आज ती एका प्रत्यक्ष टोळीला लावून बघू. टोळीचं नाव बनू हिलाल.

आधी वंशावळ. परंपरा सांगते की हिलाल हा आमिर बिन ससआचा मुलगा. आमिर हवाजिन शाखेतला, हवाजिन कैसमधले, कैस अदनानचे, म्हणजे उत्तरेकडचे अरब. मूळ मुलूख ताइफच्या आसपास आणि नज्दकडे. दहाव्या शतकात त्यांनी कर्मती बंडखोरांना साथ दिली, म्हणून फातिमी खलिफा अल-अजीजने त्यांना वरच्या इजिप्तमध्ये नेऊन बसवलं. पुढे आजच्या ट्युनिशियातला झिरी राजा अल-मुइझ्झ याने कैरोच्या फातिमींना सोडून बगदादच्या अब्बासींना मान दिला. मग फातिमी दरबाराने या टोळ्यांना नाईल ओलांडायची मोकळीक दिली. 1052 मध्ये हैदरानला झिरी सैन्य हरलं, 1057 मध्ये कैरवान लुटलं गेलं. नात्यातली सुलैम टोळी बरीचशी लिबियाकडे राहिली, हिलाल पुढे सरकले. बाराव्या शतकात अल्मोहादांनी त्यांच्यातल्या काहींना मोरोक्कोच्या अटलांटिक बाजूच्या मैदानांत वसवलं.

आता इब्न खलदूनकडे येऊ. 1332 मध्ये ट्युनिसला जन्म, 1377 मध्ये 'मुकद्दिमा'. म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी तो लिहितोय, हे लक्षात ठेवा. तो म्हणतो की वंश ही मनाने मानलेली गोष्ट आहे, तिला वेगळं वास्तव नाही. तिचा उपयोग एवढाच की माणसं एकमेकांसाठी धावून येतात. आणि हे तो स्वतःलाही लावतो. आत्मचरित्रात तो सांगतो की मूळ पुरुष खलदूनपर्यंत आपल्याला दहाच पूर्वज ठाऊक आहेत. पण शतकाला तीन पिढ्या धरल्या तर सातशे वर्षांत वीस तरी हवेत, तेव्हा मधली नावं गळली असणार! आपल्याच कुळाची अशी झडती घेणारे किती जण भेटतात? हिलालांबरोबर आलेल्या माकिल टोळीने पैगंबरांच्या चुलतभावाचा, जाफरचा वंश सांगितला, तेव्हाही त्याने तो नाकारला. जाफरचे वंशज वाळवंटात भटकणारे लोक नव्हतेच, हे त्याचं कारण.

इथपर्यंत तो आपला गुरू. गडबड पुढे आहे. हाच माणूस हिलालांच्या आगमनाला टोळधाड म्हणतो. हे लोक चुलीला दगड हवा म्हणून भिंत पाडतात, तंबूच्या खुंटीला लाकूड हवं म्हणून छप्पर उतरवतात, असं चित्र रंगवतो. खरं सांगायचं तर वर्गात मीही हे चित्र बरीच वर्षं चवीने सांगितलं. मुलं हसायची. आज त्याची थोडी लाज वाटते.

कारण बघा, 'मुकद्दिमा'च्या सुरुवातीलाच तो शिकवतो की ऐकीव बातमी समाजाच्या स्वभावावर घासून बघा. मूसाच्या सैन्यात सहा लाख माणसं होती, हा आकडा तो याच कसोटीवर फेटाळतो. मग एका टोळीने सगळा मगरिब उजाड केला, ही बातमी का घासली नाही? राजाने निष्ठा बदलली, वजिराने डाव टाकला, लगेच मागून नॉर्मन सिसिलीत उतरले आणि 1148 मध्ये त्यांनी महदिया घेतलं. ही कारणं बाजूला सरतात आणि उरतात फक्त उंटवाले. लूट झालीच नाही, असं मी म्हणत नाही. कैरवान पडलं हे खरंच. पण एक शहर पडणं वेगळं आणि एका संस्कृतीचा अंत एका वंशाच्या माथी मारणं वेगळं.

याची किंमत काय झाली? अल्जीरियातल्या फ्रेंच सत्तेच्या काळात हेच वर्णन हाताशी धरलं गेलं. रोमने पिकवलेली जमीन अरबांनी उजाड केली, आता आम्ही ती पुन्हा पिकवतो, अशी मांडणी झाली. 1967 मध्ये झाँ पाँसे यांनी या 'हिलाली अरिष्टा'ला मिथक म्हटलं, तेव्हा इतिहासकारांत मोठा वाद पेटला. चौदाव्या शतकातली उपमा अशी विसाव्या शतकात जमिनीचा हक्क ठरवायला निघते.

आणि एक गोष्ट राहिली. 'मुकद्दिमा'च्या अगदी शेवटी इब्न खलदून हिलालांच्या बोलीतल्या कविता उतरवून देतो. व्याकरणवाले त्यांना नाकं मुरडतात, तेव्हा तो कवींची बाजू घेतो. शब्दांच्या अंत्य स्वरांवर काव्याचं मोल ठरत नाही, असं बजावतो. ज्यांना टोळ म्हटलं, त्यांचीच कविता तो जपतो. अबू झैद अल-हिलालीची गाथा पुढे इजिप्तमध्ये रबाबावर गायली जात राहिली, आणि मगरिबच्या कित्येक बोलींना अभ्यासक आजही 'हिलाली' म्हणतात. उजाड करणाऱ्यांची भाषा लोक अशी घरात ठेवतात का?

तेव्हा इब्न खलदून टाकून देऊ नका. त्याला त्याच्याच कसोटीवर वाचा. वंशाबद्दल त्याने जी शंका घेतली, ती वंशावर ठेवलेल्या आरोपाबद्दलही घ्या. वंश मानलेला असेल, तर वंशाचा दोष तरी न मानलेला कसा? इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.