स्वयंसेवक घडला, पण आजींचं काय झालं?

परदेशी जाऊन म्हाताऱ्या माणसांना सोबत करणाऱ्या तरुणांवर वाचायला बसलात, तर एक सवय लावून घ्या. सारांश वाचण्याआधी संशोधनपद्धतीचा भाग उघडा आणि उत्तरं कोणी दिली आहेत तेवढंच बघा. बहुतेक वेळा उत्तरदाता तो तरुणच असतो. कधी कधी संस्थेचा समन्वयक असतो. पण ज्या आजींच्या खोलीत हा मुलगा वर्षभर रोज चहा घेऊन जात होता, त्या आजी तक्त्यात कुठेच नसतात. ‘लाभार्थी’ या एका शब्दात त्या येतात आणि जातात.

ही नमुना निवडीतली किरकोळ त्रुटी आहे, पुढच्या संशोधकाने भरून काढावी, असं बरेच जण ‘मर्यादा’ या मथळ्याखाली लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. प्रश्न कोणाला विचारायचा हे ठरलं की प्रश्न कोणता विचारायचा हेही आपोआप ठरून जातं, आणि इथे नेमकं तेच झालं आहे.

युरोपचं उदाहरण घेऊ. १९९६ पासून तिथे युरोपियन स्वयंसेवा चालू होती. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष युंकर यांनी ‘युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर’ची घोषणा केली, डिसेंबरात ते सुरू झालं आणि २०१८ मध्ये त्याला स्वतःचा कायदेशीर आधार मिळाला. १८ ते ३० वयाचा तरुण दुसऱ्या देशात जास्तीत जास्त १२ महिने राहतो. आठवड्याला ३० ते ३८ तास काम. प्रवास, राहणं, जेवण, विमा आणि थोडा हातखर्च योजनेतून. कामं नाना प्रकारची असतात, त्यात वृद्धांच्या निवासातलं कामही असतं. म्हणजे गप्पा मारणं, फिरायला नेणं, पत्ते खेळणं, जेवताना शेजारी बसणं. शेवटी ‘यूथपास’ नावाचं प्रमाणपत्र मिळतं. २००७ पासून ते दिलं जातं आणि त्यात तरुण काय शिकला याची नोंद आठ क्षमतांच्या चौकटीत होते.

आता ही चौकट नीट बघा. भाषा आली का, डिजिटल कौशल्य आलं का, नागरिकत्वाचं भान आलं का. सगळे प्रश्न मुलाकडे तोंड करून उभे आहेत. या योजनांचा अभ्यास करणारं ‘रे’ नावाचं संशोधकांचं जाळं २००८ पासून काम करतंय. त्यांच्या सर्वेक्षणात योजनेत भाग घेतलेले तरुण आणि प्रकल्पांचे आयोजक यांना प्रश्नावली जाते. काम कष्टाचं आहे, पद्धत ते उघडपणे सांगतात, त्यामुळे त्यांच्यावर लपवाछपवीचा आरोप करायचं कारण नाही. पण ही युवक योजना आहे, पैसा युवकांसाठी आहे, मग मोजमापही युवकांचंच. इथपर्यंत सगळं सुसंगत आहे. घोटाळा पुढे होतो. ही आकडेवारी घेऊन कोणीतरी लिहितं की आंतरपिढी स्वयंसेवेमुळे ज्येष्ठांचा एकटेपणा कमी होतो. अहो, कोणी सांगितलं? ज्येष्ठांनी तर नाही.

आणि तरुणांपुरतं बोलायचं तरी दावा जपूनच करावा लागतो. वर्ष संपल्यावर ‘तुमचा आत्मविश्वास वाढला का?’ असं विचारलं तर उत्तर काय येणार? एकोणीस वर्षांचा मुलगा वर्षभरात बदलतोच. तालुक्याच्या गावाहून पुण्याला होस्टेलवर आलेला मुलगाही वर्षात बदलतो, त्यासाठी पोर्तुगालला जावं लागत नाही. तुलनेसाठी घरी राहिलेल्यांचा गट नसेल तर श्रेय स्वयंसेवेचं, परदेशाचं की नुसत्या वयाचं, हे सांगता येत नाही. त्यात जे जातात ते मुळातच जाण्याची हौस असलेले. हे तुम्ही नेटच्या अभ्यासात शिकला आहात, इथे फक्त लावून बघा.

मग म्हाताऱ्या माणसांच्या बाजूने काही मोजलं गेलंय का? गेलंय, आणि जुनं आहे. १९७६ साली रिचर्ड शुल्झ या अमेरिकन संशोधकाने केलेला प्रयोग तुम्ही वाचलाच पाहिजे. त्यात परदेश नाही, सगळं एकाच देशात घडतं. पण तरुण विद्यार्थी अनोळखी वृद्धांना भेटायला जातात, हा गाभा तोच आहे.

शुल्झने एका वृद्धनिवासातल्या जेमतेम चाळीसेक लोकांचे चार गट केले. पहिल्या गटाने स्वतः ठरवायचं की विद्यार्थी केव्हा यावा आणि किती वेळ बसावा. दुसऱ्या गटाला ठरवायचा हक्क नाही, पण भेट केव्हा होणार हे आधी कळायचं. तिसऱ्या गटाकडे तेवढ्याच भेटी, पण अचानक, न सांगता. चौथ्याकडे कोणीच नाही. दोनेक महिन्यांनी मोजलं तेव्हा पहिले दोन गट तब्येत, मनःस्थिती आणि हालचाल यांत बरेच पुढे होते. अचानक भेटी मिळालेला गट मात्र भेटीच न मिळालेल्यांच्या फार पुढे नव्हता. इथे जरा थांबा. माणूस येतो म्हणून बरं वाटतं, असं आपण धरून चालतो. शुल्झचं म्हणणं वेगळं निघालं: तो कधी येणार हे माहीत असणं, ते आपल्या हातात असणं, यात बराचसा गुण आहे.

बहुतेक पाठ्यपुस्तकांत गोष्ट इथेच संपते. शुल्झ आणि बार्बरा हनुसा यांनी १९७८ साली पुढचा निबंध लिहिला. प्रयोग संपल्यानंतर २४, ३० आणि ४२ महिन्यांनी त्यांनी त्याच माणसांची स्थिती पाहिली. सुरुवातीला सुधारलेले दोन्ही गट झपाट्याने खाली आले होते. ज्यांना अचानक भेटी मिळाल्या किंवा मिळाल्याच नाहीत, ते होते तिथेच होते. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त दिलं, त्यांच्याकडूनच सगळ्यात जास्त काढून घेतलं गेलं. या निबंधाच्या शीर्षकातच ‘नैतिक प्रश्न’ हे शब्द आहेत. आपल्याच प्रयोगाने कदाचित माणसांचं नुकसान झालं, हे छापून सांगणारे संशोधक फार नसतात.

नमुना लहान होता, हे खरं. त्याच सुमारास एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी दुसऱ्या एका निवासात वृद्धांना रोपटं सांभाळायला दिलं आणि आपल्या दिवसाचे छोटे निर्णय स्वतः घ्यायला सांगितलं. त्यांना १८ महिन्यांनंतरही फायदा टिकलेला दिसला. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून बघा. रोपटं खोलीतच राहिलं. विद्यार्थी निघून गेला. शुल्झ आणि हनुसांचं स्पष्टीकरणही याच दिशेने जातं: चांगलं काही घडलं त्याचं कारण बाहेरच्या, संपणाऱ्या गोष्टीत असेल तर ती गोष्ट संपल्यावर हाती काही उरत नाही.

आता पुन्हा युरोपात या. वर्षाचा स्वयंसेवक म्हणजे नेमकी संपणारी गोष्ट. सप्टेंबरात एक मुलगी येते, हळूहळू भाषा शिकते, मार्चपर्यंत तिला आजींचे विनोद कळायला लागतात आणि ऑगस्टमध्ये ती जाते. पुन्हा नवी येते. मुलीसाठी हा आयुष्यातला एकदाच आलेला अनुभव. आजींसाठी ती पाचवी किंवा सहावी. निरोपांची ही साखळी आजींच्या बाजूने मोजायची तर प्रश्नावली ऑगस्टमध्ये नव्हे, डिसेंबरात घेऊन जावी लागेल. तोवर अनुदानाचं वर्ष संपलेलं असतं, अहवाल गेलेला असतो.

सैद्धांतिक चौकटीबद्दलही थोडं. या विषयाच्या सिनॉप्सिसमध्ये गॉर्डन ऑलपोर्ट हमखास येतो. १९५४ च्या पुस्तकात त्याने मांडलं की दोन गटांच्या संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायला समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा हवा. वृद्धनिवासात समान दर्जा कुठून आणायचा? एक उभा आहे, दुसरी चाकाच्या खुर्चीत. पण म्हणून ‘ऑलपोर्टची अट पाळली जात नाही, सबब संपर्क निष्फळ’ असंही लिहू नका. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ साली ५१५ अभ्यास एकत्र करून दाखवलं की या अटींनी परिणाम वाढतो, पण अटी पुऱ्या नसल्या तरी संपर्काचा काही ना काही उपयोग होतो.

दुसरी उसनी चौकट इव्हान इलिचची. १९६८ साली मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन तरुणांना त्याने तोंडावर सुनावलं होतं. ते भाषण जरूर वाचा, मजा येते. पण ते श्रीमंत देशातून गरीब देशात जाणाऱ्यांबद्दल आहे. जॉर्जियाची किंवा तुर्कस्तानची मुलगी ऑस्ट्रियाच्या वृद्धनिवासात जाते तेव्हा पैसा, पासपोर्ट आणि भाषा आजींच्या बाजूला, आणि दणकट पाय मुलीच्या बाजूला. कोण वरचढ? खोलीखोलीत उत्तर बदलतं. इलिच जसाच्या तसा इथे चिकटवला की हेच दिसेनासं होतं.

ज्या उदाहरणाने ही सगळी मापं अपुरी पडतात ते जर्मनीतलं आहे. लोथार क्रायसिग हे न्यायाधीश होते. १९४० साली नाझी राजवटीने अपंगांची हत्या चालवली, तेव्हा त्यांनी लेखी विरोध केला आणि त्यांना पद गमवावं लागलं. १९५८ साली बर्लिनमधल्या प्रोटेस्टंट धर्मसभेत त्यांनी आवाहन केलं: जर्मनांनी ज्या देशांवर अत्याचार केले, त्या देशांना विनंती करायची की आम्हाला तुमच्याकडे येऊन हातांनी काही काम करू द्या. त्यातून ‘आक्त्सिओन झ्यूनेत्सायशेन’ ही संस्था उभी राहिली. नावात प्रायश्चित्त हा शब्द आहे. समेट नव्हे, कारण समेट दोघांनी मिळून करायचा असतो. १९६१ मध्ये तिचे स्वयंसेवक इस्राएलला पोचले, तेव्हा पश्चिम जर्मनी आणि इस्राएल यांचे राजनैतिक संबंधही नव्हते. ते १९६५ मध्ये आले. आजही तरुण तिकडे एक वर्षासाठी जातात आणि ज्यूंच्या छळातून वाचलेल्या वृद्धांच्या घरी जाऊन बसतात. या वृद्धांपैकी काहींची पहिली भाषा जर्मन. लहानपणी ज्या भाषेत झोपवलं गेलं, त्याच भाषेत पुढे हाकललं गेलं, आणि आता नव्वदीत तीच भाषा बोलणारा वीस वर्षांचा पोरगा दारात.

इथे कोण कोणाला आधार देतंय? दार उघडणाऱ्या आजींनी जे केलंय, ते त्या मुलाच्या वर्षभराच्या सेवेपेक्षा मोठं असू शकतं. एकटेपणाची वीस प्रश्नांची मापनी त्यांच्यापुढे ठेवली तर कदाचित गुणांत दोनचा फरक येईल, आणि झालं काय ते मात्र कळणार नाही. एरिक एरिक्सनने पुढच्या पिढीसाठी काही करण्याच्या गरजेबद्दल लिहिलं ते इथे उपयोगी पडेल, कारण त्यात वृद्ध माणूस देणारा असतो. पण मला याहून महत्त्वाची वाटतात ती न उघडलेली दारं. जर्मन माणूस घरात नको, असं म्हणणारे वृद्धही होते. ते कोणत्याही नमुन्यात येत नाहीत, कारण ते योजनेतच आले नाहीत. नकार ही माहिती आहे. तुमच्या अभ्यासात भेट नाकारणाऱ्यांची संख्या आणि शक्य तिथे कारणं नोंदवायला एक रकाना ठेवा. गाईड हसले तरी ठेवा.

श्रमाचा प्रश्न थोडक्यात. नियम सांगतो की स्वयंसेवकाने पगारी कर्मचाऱ्याची जागा घेऊ नये. पण जर्मनीत १९६१ पासून लष्करी सेवा नाकारणारे तरुण पर्यायी नागरी सेवेत, वृद्धांच्या आणि रुग्णांच्या देखभालीत, राबत होते. २०११ मध्ये सक्तीची लष्करी भरती स्थगित झाली, ती सेवा बंद पडली आणि त्याच वर्षी १ जुलैला केंद्रीय स्वयंसेवा सुरू झाली. एक पोकळी पडली, ती भरली गेली. ‘जागा घेतली का?’ हा प्रश्न स्वयंसेवकाला विचारून उपयोग नाही, त्याच्या आधी तिथे कोण होतं हे त्याला माहीत नसतं. निवासाचं हजेरीपत्रक आणि पगारपत्रक मागा. मिळणार नाही बहुतेक, पण मागितल्याची नोंद राहील. (२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तो नोकरीचा आहे, स्वयंसेवेचा नाही. दोन्ही गट एकाच अभ्यासात कालवू नका, निवास तेच असलं तरी.)

हा विषय घ्यायचाच असेल तर आराखड्यात काही गोष्टी आधीच पक्क्या करा. वृद्धांपर्यंत तुम्ही निवासाच्या व्यवस्थापनामार्फत पोचणार, म्हणजे ते तुम्हाला बोलक्या, समाधानी माणसांकडे नेणार. त्यामुळे यादीतून चिठ्ठ्या टाकून निवड करायची परवानगी लेखी घ्या. स्मृतिभ्रंश असलेल्यांना सरसकट वगळलंत तर निवासातले बरेचसे लोक गेलेच. टॉम किटवुडचं १९९७ चं डिमेन्शियावरचं पुस्तक वाचून ठरवा. मुलाच्या सहीने घेतलेली संमती आणि आजींनी त्या दिवशी मान हलवून दिलेली संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही घ्या, दरवेळी घ्या. दुभाषा म्हणून त्याच स्वयंसेवकाला बसवू नका. ज्याच्याबद्दल विचारायचं तोच भाषांतर करत असेल तर आजी काय सांगणार?

आणि वेळापत्रकात शेवटची फेरी स्वयंसेवक गेल्यानंतर चार महिन्यांनी टाका. त्या फेरीत काही खोल्या रिकाम्या असतील. त्यांची नोंद कशी करायची, गळती म्हणून की निष्कर्ष म्हणून, हे आधी ठरवून मगच पहिली प्रश्नावली छापा.