उधळपट्टी कोणाची, हौस कोणाची?

मी नोकरीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. शिष्यवृत्ती हाती पडली त्या दिवशी आमच्या एका विद्यार्थ्याने मनगटी घड्याळ घेतले. प्राध्यापकांच्या खोलीत लगेच शेरा उमटला : "सरकारचे पैसे उधळतात लेकाचे!" शेरा मारणाऱ्या सद्गृहस्थांच्या घरी त्याच महिन्यात मुलाच्या मुंजीला तीनशे पाने उठली होती. त्याला ते 'हौस' म्हणत. मी मराठीचा शिक्षक. तेव्हापासून खर्चाचे शब्द मी कोशापेक्षा माणसांच्या तोंडी तपासत आलो आहे.

मराठीत अवाजवी खर्चासाठी शब्दांची वाण नाही. उधळपट्टी, चैन, छानछोकी, नासाडी, चुराडा, अपव्यय. शेजारीच दुसरी रांग उभी आहे : हौस, थाट, दिलदारपणा, सढळ हात, दानधर्म. दोन्हीकडे पैसा गरजेपलीकडेच गेलेला असतो. फरक पडतो तो खर्च करणाऱ्याच्या जागेने. 'उधळणे' हे क्रियापदच पाहा. गुलाल उधळतात, तसा बैलही उधळतो. जो जोखडाखाली असायला हवा तो सुटला, ही तक्रार मला त्या शब्दात ऐकू येते. राबणाऱ्याने पैसा खर्चला की म्हणूनच तो चटकन ओठावर येतो. तमाशातल्या बाईवर पाटलाने रुपये फेकले तर त्याला दरबारी थाटाचा शब्द आहे : दौलतजादा. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना रमण्यात दक्षिणा वाटली जाई, तिचे नाव दानधर्म. खजिना रयतेच्या साऱ्यातून भरला होता, हे त्या शब्दात कुठेच दिसत नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' (१९३६) या पुस्तकात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना दिली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या अस्पृश्याने जातभाईंना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. सवर्ण लाठ्या घेऊन आले, त्यांनी अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना झोडपले. इंदूरकडच्या बलाई लोकांवर १९२८ साली लादलेल्या नियमांत जरीकाठी पागोटे, रंगीत काठाचे धोतर आणि सोन्याचांदीचे दागिने यांना मनाई होती. अर्थ उघड आहे. उधळपट्टीचे माप इथे रुपयांनी ठरत नाही, जातीने ठरते. आपल्या पानातले तूपसुद्धा 'माज' ठरते.

दुसरा आरोप 'ऋण काढून सण' हा. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगानेच नोंदवले, की रयतेच्या कर्जात लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. अन्नधान्य, बियाणे, बैल, सरकारी सारा यांसाठी पुनःपुन्हा काढलेली लहान कर्जेच तिला बुडवतात. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये बोट ठेवले ते सारा, सावकार, भटशाही आणि कचेरी यांवर. तरीही गरिबाच्या दारिद्र्याचे कारण आजही त्याच्या मांडवातच शोधले जाते.

म्हणून आपल्या खर्चाची चिकित्सा करू नये, असे मी म्हणत नाही. सत्यशोधकांनी १८७३ पासून भटाविना, अल्प खर्चात लग्ने लावली. बौद्ध विवाहविधीही साधाच आहे. व्याजाने पैसे काढून वरात नाचवणाऱ्या आपल्या तरुणांना मी विरोध करतो. पण त्या वेळी माझे प्रश्न वेगळे असतात : पैसा कोणाच्या घामाचा, त्यातून कोण फुगला, कर्जात कोण गेले? सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर फडक्यात भाकरी बांधून आलेली बाई पोटाला चिमटा घेऊन पुस्तक विकत घेते. हा खर्चही गरजेपलीकडचाच, असे प्रस्थापित हिशेब सांगेल.

आपल्या आत्मकथनांतही बाप कधी कधी 'उधळ्या' म्हणून येतो. तो तसा असेलही. परंतु तो शब्द लिहिण्यापूर्वी लेखकाने स्वतःला विचारावे : हा शब्द माझ्या आईच्या तोंडचा आहे, की सावकाराच्या वहीतला? आईच्या तोंडचा असेल तर अवश्य लिहावा. वहीतला असेल तर तो सावकाराला परत करावा.