शकुंतलेची छायाचित्रे : मुसाफिर कुठे गेले?

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) स्टेशनचे नाव निघाले की एक ठरावीक चित्रमालिका डोळ्यांपुढे येते. गवतात बुडालेले अरुंद रूळ, रिकामा फलाट आणि दूरवरून डुलत येणारी चारदोन डब्यांची गाडी. मूर्तिजापूर ते यवतमाळ या ११३ किलोमीटरच्या नॅरोगेज मार्गावरची ही आपली शकुंतला. तिच्यासाठी आगगाड्यांचे शौकीन दूरदूरच्या शहरांतून कॅमेरे घेऊन आले. त्यांच्या मेहनतीचा आदर राखूनच मला या छायाचित्रांविषयी एक तक्रार मांडायची आहे.

या छंदाचे मूळ आधी पाहू. १९४२ मध्ये इंग्लंडातील सदर्न रेल्वेच्या इयान ॲलन नावाच्या एका तरुण कारकुनाने इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका काढली. मुले ती घेऊन फलाटावर उभी राहत आणि दिसलेल्या क्रमांकावर खूण करीत. तिथे नजरेला वळण लागले ते इंजिन टिपण्याचे. तीच नजर पुढे कॅमेऱ्यात उतरली. तिने आपल्यावर उपकारही केले आहेत. शकुंतलेचे मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९९४ मध्ये गेले आणि डिझेल आले. त्या जुन्या इंजिनाचे रूप आज आपल्याला दिसते ते या शौकिनांमुळेच.

पण इंजिन जपताना माणूस सुटला. हा मार्ग घातला गेला तो वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी. इथले रूळ ७६२ मिलिमीटर रुंदीचे, तर मूर्तिजापूरची मुख्य लाइन ब्रॉडगेज. रुंदी बदलली की माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागतो, आणि हे काम हमालाच्या पाठीवरच होते. ती पाठ या चित्रांत शोधूनही सापडत नाही. कमी तिकिटाची गाडी कोणाची असते? शेतमजूर बायांची, आठवडी बाजार करणाऱ्या बागवानांची, बांगड्यांची पेटी सांभाळत बसलेल्या मणियारांची. चित्रात ते आलेच तर खिडकीतल्या रंगाच्या ठिपक्यासारखे येतात.

फोटोओळी तर चित्रांहूनही निष्काळजी आहेत. ‘आजही इंग्रजांच्या मालकीची गाडी’ हे वाक्य किती ठिकाणी छापून आले असेल! मार्ग खाजगी कंपनीचा, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेचा, हे खरे. ती उभी केली किलिक निक्सन या पेढीने, हेही खरे. पण ही पेढी मुंबईची आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांच्या हाती आलेली. साहेबाचे भूत उभे केले की फोटोओळ चटकदार होते. मात्र स्वतंत्र देशाने हा मार्ग इतकी वर्षे का सुधारला नाही, हा प्रश्न मागे पडतो. दुसरे आवडते दृश्य म्हणजे गाडीतलेच कर्मचारी उतरून फाटक लावतात, गार्डच तिकिटे देतो. पाहणाऱ्याला गंमत वाटते. प्रत्यक्षात ही गंमत नव्हे. स्टेशने माणसांविना पडल्याचा तो पुरावा आहे.

रेल्वेच्या छायाचित्रात माणूस मावतच नाही, असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने १९५५ पासून पाचएक वर्षे नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिने टिपली. बहुतेक रात्री, दिव्यांची मोठी मांडणी करून. पण त्याच्या चित्रांत गाडी मागून जाते आणि पुढे मोटारीत बसून सिनेमा पाहणारे जोडपे असते, ओढ्यात डुंबणारी मुले असतात. ती दृश्ये त्याने ठरवून रचली होती, हे मान्य. तरीही गाडी कोणाच्या आयुष्यातून जाते, हे त्याला दाखवावेसे वाटले. आपल्याकडे तर रचण्याचीही गरज नव्हती. माणसे डब्यात बसलेलीच होती.

ही केवळ कलेची चर्चा नाही. गेली काही वर्षे या मार्गावर गाडी धावलेली नाही. ती पुन्हा सुरू व्हावी, ब्रॉडगेज व्हावी म्हणून लोकांनी आंदोलने केली. अशा वेळी चित्र साक्षीदार ठरते. रिकाम्या फलाटाचे सुंदर चित्र नकळत सांगून जाते की इथे कोणी येतच नव्हते. हा वारसा आहे, काचेच्या कपाटात ठेवा. गर्दीच्या डब्याचे साधे, जरा हललेले चित्र सांगते की ही सोय होती, ती हिरावली गेली.

कारंजा, दारव्हा, यवतमाळच्या कितीतरी घरांत जुने अल्बम असतील. लग्नाला निघालेले वऱ्हाड, सासरी परतणारी लेक, बदलीवर जाणारे मास्तर. मागे कुठेतरी डब्याची कड दिसत असेल. ही चित्रे शौकिनांनी काढलेली नाहीत, त्यांत इंजिनाचा क्रमांकही नसेल. शकुंतलेचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने पहिल्यांदा ती मागून घ्यावीत.